शीमावशीची गोळी

लाँड्रीत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे शीमावशी. हे नाव इस्त्रीवाल्याने पाडलेलं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. कपडा हातात घेतला की तिच्या तोंडून आधी ‘शी’ बाहेर पडे आणि मग उरलेलं बोलणं. कॉलर उलटली की शी, काख बघितली की शी, शर्टाच्या पोटावर वाळलेलं अंडं दिसलं की शी शी शी. माणसं अंगावर काय काय सांडून घेतात आणि ते तसंच घडी घालून, वर पावती मागून, दुसऱ्याच्या हवाली करतात, याचा तिला रोज नव्याने संताप येई. बाहेर काउंटरवर तीच माणसं अत्तर लावून उभी असत.

तिची जागा मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलापाशी. धुलाईच्या मोठ्या यंत्रात जाण्याआधी प्रत्येक कपडा या टेबलावर यायचा. कुठे काय लागलंय ते हुडकायचं, उजेडात धरून, बोट फिरवून, वेळ आली तर नाक लावून. मग रक्ताला थंड पाणी, तेलाला एका बाटलीतलं औषध, शाईला दुसऱ्या. हे काम तिने आयुष्यभर केलं होतं, आणि त्यातलं तिचं भांडवल एकच होतं, ते म्हणजे किळस. ज्याला किळस येत नाही त्याला डाग दिसत नाही, असं ती म्हणायची. खोटं नव्हतं. इस्त्रीवाल्याला काही म्हणता काही दिसत नसे. तो कसल्याही डागावरून खुशाल इस्त्री फिरवी आणि वर शीळ घाली.

डागांच्याही आधी खिसे. कपड्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचा, आत असेल ते पत्र्याच्या ट्रेमध्ये काढायचं, कागदी पाकिटात भरायचं आणि त्या पाकिटावर कपड्याच्या नंबराची चिठ्ठी टोचायची. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की पाकीट त्याच्या हातात. खिशांत काय नसायचं? शेंबडाने कडक झालेले रुमाल, चघळून कागदात जपून ठेवलेलं च्युइंगम, कापलेली नखं, एकदा तर कुणाची तरी अख्खी दाढ. मावशी चिमट्याने उचलायची, शी म्हणायची, पण पाकिटात घालायची. दाढसुद्धा परत गेली. ‘आमच्याकडे खिशातली टाचणीही परत मिळते,’ हे मालकांचं बोलणं, त्यांच्या वडलांपासून चालत आलेलं. ज्याने खिशातलं काही ठेवून घेतलं तो त्याच दिवशी घरी, हाही नियम त्यांचाच. मागे एका पोऱ्याने नव्हे, चांगल्या घोड्याएवढ्या काउंटरवाल्याने कुणाचा लायटर लांबवला होता. ते मालकांच्या कानावर घातलं मावशीने, आणि त्याचा डबा त्याच्या हातात देऊन त्याला दार दाखवलं तेही मावशीनेच. तेव्हापासून खिसे फक्त तिच्याकडे. घरी तिला विचारणारी एक धाकटी बहीण सोडली तर कुणी नव्हतं. जगात कुणीतरी आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकतं याचा पुरावा म्हणजे तिच्यासाठी तो पत्र्याचा ट्रे होता.

आता डोक्याचं. ते पहिल्यांदा कधी दुखलं हे तिला आठवत नव्हतं, आणि आठवायचं कारणही नव्हतं. डोकी सगळ्यांचीच दुखतात. घराघरांतून पडदे धुवायला येण्याचे दिवस असावेत. धुळीने कपाळ ठणकलं, काउंटरवालीने पर्समधली एक गोळी दिली, चहाबरोबर घेतली, बरं वाटलं. असं कधीमधी. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते मावशीच्या हुशारीने. डागाच्या धंद्यात एक नियम सगळ्यांत वरचा: डाग ओला असतानाच धरायचा. एकदा सुकला आणि वरून इस्त्री फिरली की तो त्या कपड्याचाच होऊन बसतो. हा नियम तिने उचलला आणि स्वतःच्या डोक्याला लावला. दुखायला लागल्यावर गोळी घेणं म्हणजे सुकलेल्या डागावर पाणी मारणं. त्यापेक्षा दुखायच्या आधीच घ्यावी. सकाळी कपाळ जरा जड वाटलं की एक. दुकानाचं शटर वर जाताना खडखडतं आणि त्याने दुखेल, म्हणून एक. बाटल्यांच्या वासाने दुखेल म्हणून एक, संध्याकाळी बहीण रेडिओ लावते म्हणून एक. दुखलं तर मग वेगळी. आणि दुखायचंच. जितकी ती आधी धरायला जाई तितकं ते आणखी आधी येऊन बसलेलं असे, डोळ्यांच्या मागे, घरजावई असल्यासारखं.

दोष देण्याच्या बाबतीत मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. वास, उजेड, इस्त्रीवाल्याचं डोक्याला लावायचं तेल, समोरच्या गॅरेजमधली ठोकाठोक, बहिणीचं रात्री दात घासणं, सगळ्यांना तिने आळीपाळीने उभं केलं. गोळीला कधी नाही. गोळी तेवढी आपली.

आणि खरं सांगायचं तर ते बघवत नसे. पहिल्यांदा ती पाण्याने घ्यायची, मग थंड चहाने, मग नुसतीच. कचाकचा चावायची. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा लगदा साचायचा, तो ती अॅप्रनच्या बाहीला पुसायची. तीच मावशी, जी दुसऱ्याच्या बाहीवर असलं काही दिसलं की नाक मुरडायची. पोटात जळजळे, कडू ढेकर येई, तो ती हात आडवा धरून पुन्हा गिळे. अॅप्रनच्या खिशात सुट्या गोळ्या असायच्या, दोरे आणि बटणं यांच्यात लोळलेल्या. घामाने एकमेकींना चिकटलेल्या. त्यांतली एक नखाने सोडवून ती तोंडात टाके आणि पुढचा शर्ट ओढे.

आणि एक गोष्ट झाली, जी सगळ्यांत आधी इस्त्रीवाल्याच्या लक्षात आली. मावशीची ‘शी’ बंद झाली. कुणाच्या कोटावरची ओकारीसुद्धा ती भाजी निवडावी तशी खरवडू लागली. त्याने एकदा गंमत म्हणून विचारलं, मावशी, आज शी नाही? ती खरवडत राहिली. किळस मेली आणि मागोमाग नजरही गेली. एका कॉलरचा डाग तसाच राहिला आणि मालकांना गिऱ्हाइकाची माफी मागावी लागली. मग एका क्रीम रंगाच्या जॅकेटवर तिने कॉफीचा थेंब इतका चोळला की थेंब गेला आणि त्याच्या जागी औषधाची कड उमटली, बशीएवढी गोल. जॅकेटवालीने ते तिथेच टाकून दिलं आणि भरपाई म्हणून नवं मागितलं. मालकांनी दिलं, ते जॅकेट मागच्या खोलीत खुंटीला अडकवलं आणि कानाडोळा केला. त्यांना वाटलं, वय झालं.

धाकटी बहीण बेकरीत काउंटरवर होती आणि माणसांशी बोलून बोलून तिची जीभ चांगली तासली गेली होती. ताई, तू जेवतेस कमी आणि गिळतेस जास्त, असं ती म्हणायची. शेवटी तिने एक दिवस ताईला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तिला सर्दी झाली होती. नाक पुसलेला कागद ती बाहीत खोचत होती. मावशीला ते दिसलं, पण काही वाटलं नाही. आठवड्यात गोळ्या किती, या प्रश्नाला मावशीने लागतील तशा असं गोलमाल उत्तर दिलं. बहिणीने तिथेच पितळ उघडं पाडलं. म्हणाली, रोज, रविवारीसुद्धा, आणि मोजायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

डॉक्टरीणबाईने रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवायला लावली, आणि मग शांतपणे सांगितलं. “तुमचं मूळचं दुखणं कधीच थांबलं असेल, मावशी. आता जे रोज दुखतंय ते या गोळ्यांमुळेच. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की तुम्ही गोळी घेता.”

उपाय एकच, ही गोळी बंद. पहिले काही दिवस, कदाचित काही आठवडे, आतापेक्षाही वाईट जातील. उलट्या होतील, झोप येणार नाही, चिडचिड होईल. त्यासाठी वेगळं औषध देईन, पण या गोळीला हात लावायचा नाही.

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येईपर्यंत ती रस्ताभर बोलत होती. गोळीनेच डोकं दुखतं म्हणे. म्हणजे साबणानेच कपडा मळतो. स्वतःची सर्दी आवरत नाही आणि निघाली दुसऱ्याची डोकी बरी करायला. घरी आल्यावर बहिणीने पदर नाही, पण बाह्या खोचल्या आणि झडती सुरू केली. उशीच्या अभ्र्यात गोळ्या निघाल्या, आरशाच्या मागे निघाल्या, जुन्या चष्म्याच्या घरात, बुटाच्या टोकात, साखरेच्या डब्यात साखरेखाली. साखरेतल्या बघून बहिणीला मळमळलं. ती त्याच साखरेचा चहा रोज पीत होती. सगळ्या पिशवीत भरून ती घेऊन गेली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला तिने बजावलं की ताईला दिलीस तर गाठ माझ्याशी आहे. मग लाँड्रीत जाऊन काउंटरवालीला आणि इस्त्रीवाल्याला तोच दम भरला आणि खुंटीवरच्या अॅप्रनचा खिसाही उलटा केला. मावशीने भांडण केलं नाही. बघते मीही, एवढंच म्हणाली. डॉक्टरीण खोटी पडेल याची तिला खात्री होती.

पहिला दिवस तिने दातांवर दात दाबून काढला. दुसऱ्या दिवशी दुखणं मानेतून वर चढलं आणि डोक्यात सुतारकाम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी इस्त्रीची वाफ फुसकन सुटली तरी पोटात ढवळून येत होतं. काउंटरवालीकडे तिने हळूच हात पसरला. ती म्हणाली, मावशी, तुमच्या बहिणीला मी घाबरते. इस्त्रीवाल्याने नुसते दोन्ही हात वर केले. असली मदत न करणारी माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती.

त्याच दुपारी तो कोट टेबलावर आला. जाड, राखाडी, लोकरीचा, बाईमाणसाचा, आणि त्याला कुत्र्याचा वास. आडवेतिडवे पांढरे केस सगळीकडे. मावशीने उजव्या खिशात हात घातला तर हाताला कागदी रुमालाचा ओलसर गोळा लागला. तो उलगडला. आत बिस्किटाचा भिजलेला चुरा, दोन-चार केस, आणि मधोमध एक गोळी. पांढरी, गोल, कडा झिजलेल्या, थोडी चिकट, एका बाजूला कसला तरी धागा लागलेला.

चिमटा टेबलावरच होता. तिने त्याला हात लावला नाही. इस्त्रीवाला पाठमोरा होता. ट्रे हाताशी होता, पाकीट हाताशी होतं. तिने नखाने धागा काढला, केस काढला आणि गोळी तोंडात टाकली. चावली नाही, चघळत बसली नाही, एकदम गिळली. ती घशात अडकली तेव्हा तिने थुंकी गोळा करून तिला खाली ढकललं. मग रुमालाचा गोळा कचऱ्यात टाकला आणि रिकाम्या खिशालाही पाकीट लागे म्हणून कोटाचा नंबर कोऱ्या पाकिटावर टोचला, आत काही नसताना.

याला काय म्हणायचं? तिने मनाशी म्हटलं, एक गोळी तर आहे. कुणाची तरी विसरलेली. लायटर का आहे? ज्याचं त्याला आपलं पाप बारीकच दिसतं.

आणि डोकं उतरलं. कोटाला ब्रश मारून होईपर्यंत मानेतलं ओझं सैल झालं. संध्याकाळपर्यंत ती माणसात आली, घरी जाऊन पोटभर जेवली आणि बहिणीला मुद्दाम रेडिओ लावायला सांगितला. बहिणीला वाटलं, डॉक्टरीणबाईचं औषध लागू पडलं. मावशी गोळी गिळून गप्प बसली. साबणाने कपडा मळत नसतो हे सिद्ध झालं होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, एवढीच काय ती बोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटवाल्या बाई आल्या. कोट तयार व्हायला वेळ होता, पण त्यांना कोट नकोच होता. काउंटरवर मालक स्वतः बसले होते आणि मावशी धुतलेल्या शर्टांचा गठ्ठा घेऊन नेमकी तिथे आलेली. बाई हसत, जरा संकोचून सांगू लागल्या. आमच्या कुत्र्याला जंतांची गोळी द्यायची होती. बिस्किटात घालून दिली. लबाडाने बिस्किट खाल्लं, गोळी तोंडात घोळवली आणि चटईवर थुंकली. मी ती कागदात गुंडाळून खिशात टाकली, पुन्हा देऊ म्हणून, आणि विसरून कोट इकडे देऊन टाकला. आता घरात वाद लागलाय. आमचे हे म्हणतात, तू उचललास तो नुसता बिस्किटाचा चुरा, गोळी त्याने गिळली, मी स्वतः बघितलं. दोनदा द्यायची तर बरं नव्हे, आणि नाही द्यावी तर जंत तसेच. खिशात ती गोळी सापडली का, एवढंच सांगा, म्हणजे वाद मिटेल.

मालकांनी पाकीट काढलं. रिकामं होतं. त्यांनी ते बाईंसमोर उलटं करून दाखवलं.

“आमच्याकडे खिशातली टाचणीही परत मिळते,” ते म्हणाले. “पाकिटात नाही म्हणजे खिशात नव्हती. खिसे आमच्या मावशी बघतात. तुमच्या कुत्र्याने गिळली, निर्धास्त राहा.”

बाईंना पटलं. त्या जायला वळल्यासुद्धा. मावशी शर्टांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. पोटातून काहीतरी वर येत होतं आणि ती ते खाली दाबत होती. कुत्र्याच्या तोंडातली. चटईवर थुंकलेली. आणि हा देवमाणूस तिच्या नावाने शपथ घेऊन बसला होता. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. एका कुत्र्याच्या पोटात जंत राहिले असते, बस. पण मालकांनी ‘आमच्या मावशी’ म्हटलेलं तिला सहन होईना. आयुष्यात इतक्या घाणीत हात घातला, पण इतकं घाण तिला कधी वाटलं नव्हतं.

“होती,” ती म्हणाली. “खिशात गोळी होती. मी खाल्ली.”

कुणालाच आधी समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, डोकं दुखत होतं, खिशात गोळी मिळाली, खाल्ली. कुत्र्याला पुन्हा द्या, त्याने गिळलेली नाही.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग तोंडाकडे. त्यांचं हसू विरलं, नाकपुड्या आवळल्या, आणि एक पाऊल मागे सरून त्यांनी हात नकळत स्वतःच्या ओठांवर ठेवला.

“शी,” त्या म्हणाल्या.

हा शब्द मावशीने हजारो कॉलरींना, काखांना, रुमालांना ऐकवला होता. तिला तो कुणी ऐकवला नव्हता. तिने गठ्ठा काउंटरवर ठेवला, मागच्या खोलीत गेली आणि मोरीत ओकली. बराच वेळ ओकली. गोळी कालच विरघळली होती, आता बाहेर यायला काही उरलं नव्हतं, तरी.

मोरीच्या काठाला धरून उभी असताना तिला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती पहिलीहून वाईट होती. डोकं उतरलं होतं. कुत्र्याच्या जंतांच्या गोळीने डोकं उतरलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता. म्हणजे तोंडात पांढरं गोल काहीही टाकलं तरी ते गप्प बसणार होतं, रडं पोर चोखणीने बसावं तसं, आणि चोखणी काढली की पुन्हा भोकाड. इतकी वर्षं ती डोक्यातला डाग काढत नव्हती. डोळ्यांसमोर खुंटीवर ते क्रीम रंगाचं जॅकेट लटकत होतं, छातीवर बशीएवढी कड घेऊन. कॉफीचा थेंब केव्हाच गेला होता. जे दिसत होतं ते तिच्या औषधाचं होतं.

तिने अॅप्रन काढला आणि घडी करून मालकांपुढे ठेवला. नियम तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मालक खालमानेने पावत्या सारख्या करत राहिले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी म्हणाले, टेबल तुमचंच राहू दे, मावशी. स्वतःहून बोललात. पण खिसे आजपासून काउंटरवाली बघेल.

त्यांनी हाकलून दिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पत्र्याचा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत पुढच्या खोलीत गेला.

घरी तिने बहिणीला सगळं सांगितलं. बहीण आधी पोट धरून हसली, मग हसू आवरून बादली शोधायला उठली. तिला पुढचं दिसत होतं. मावशी दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी डॉक्टरीणबाईकडे गेली. तिची सर्दी अजून गेली नव्हती. मावशीने कुत्र्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईने हसू दाबलं, त्या गोळीने काही होणार नाही म्हणाली, उलटीचं औषध लिहून दिलं आणि बजावलं की आता खरी सुरुवात.

त्या दिवसांचं वर्णन करण्यासारखं काही नाही आणि करू नयेच. ती खोलीत पडदे ओढून पडली. बादली उजवीकडे, ओला टॉवेल डावीकडे. केसांना घामाचा वास, तोंडाला गंजाची चव, जिभेवर साय. उशीला तिच्या डोक्याचा पिवळा खळगा पडला. भिंतीपलीकडे कुणी चमचा ठेवला तरी ती कळवळायची. बहिणीला तिने तोंडाला येईल ते सुनावलं, आणि एकदा पाय धरले, एकच दे, अर्धी दे. बहीण म्हणाली, ताई, कुत्र्याची देऊ का? मावशी तिच्यावर उशी फेकून भिंतीकडे वळली. पण त्यानंतर तिने मागितली नाही.

कड घालवायची तर ती पुन्हा चोळून जात नाही, हे ती नवीन आलेल्या प्रत्येकाला शिकवत आली होती. सगळा कपडा पाण्यात घालावा लागतो. ओला असताना तो आधीपेक्षा भयानक दिसतो, सगळीकडून काळवंडलेला, आणि घाबरट माणूस तिथेच हात घालून वाट लावतो. थांबावं लागतं. अंथरुणात पडल्या पडल्या तिला हे सारखं आठवे आणि स्वतःच्या अकलेची किळस येई. दुसऱ्याच्या जॅकेटसाठी जे ठाऊक होतं ते स्वतःच्या टाळक्यासाठी का नव्हतं?

कामावर परतली ती चेहरा ओढलेला घेऊन. डोकं रोज दुखत होतं, पण आता ते येऊन जाऊ लागलं होतं. मुक्कामाला राहत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने खुंटीवरचं जॅकेट काढलं, सबंध टबात बुडवलं आणि पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागली. इस्त्रीवाला म्हणाला, मावशी, आणखी वाट लागली त्याची. ती म्हणाली, हात लावू नकोस. सुकल्यावर मालकांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि कड कुठे सापडेना तेव्हा पुढे नेऊन टांगलं.

खिसे मात्र काउंटरवाली बघत होती. ती चांगली मुलगी होती, पण तिचा जीव मोबाइलमध्ये. एकदा खिशात राहिलेलं पेन यंत्रात फुटलं आणि पाच पांढरे शर्ट निळे झाले. ते शर्ट मावशीच्याच टेबलावर आले. तिने शाईच्या औषधाची बाटली उघडली. ज्याने स्वतः शेण खाल्लं त्याने दुसऱ्याच्या शिंतोड्यांवर बोलू नये, एवढी लाज तिला होती.

थंडी वाढली आणि कोटांचे ढीग यायला लागले. एका सकाळी मालक स्वतः मागच्या खोलीत आले. हातात कुणाचा तरी काळा ओव्हरकोट होता आणि काखेत पत्र्याचा ट्रे. दोन्ही त्यांनी टेबलावर ठेवलं.

“मावशी, खिसे,” ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी तिचं कपाळ थोडं जड होतं, जसं कुणाचंही असतं. तिने डाव्या खिशात हात घातला आणि गोळ्यांची पट्टी बाहेर आली. तिच्याच ओळखीची, त्याच रंगाची. दोन फोडलेल्या, बाकी भरलेल्या. इस्त्रीवाल्याची इस्त्री हवेतच थांबली. त्याने न बघितल्यासारखं केलं, पण त्याचा चेहरा सगळं सांगत होता. मावशीने पट्टी ट्रेमध्ये टाकली. मग उजव्या खिशात हात घातला. तिथे रुमाल होता. कापडी, चुरगळलेला, बाहेरून कडक आणि आतून अजून ओला. तिची बोटं त्यात रुतली. पोटातून जुनी, ओळखीची उबळ उठली, नाकापर्यंत आली, आणि तिने हात झटकन मागे घेतला.

“शी!”

पुढच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. इस्त्रीवाला फिस्सकन हसला आणि त्याने इस्त्री खाली ठेवली. मावशीने चिमटा शोधला, रुमाल उचलून पाकिटात घातला, मागोमाग गोळ्यांची पट्टी घातली आणि नंबर टोचला. मग मोरीवर जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, आणि एकदा धुऊन समाधान होईना म्हणून पुन्हा धुतले.